सिंहछाप पैसा आणि पाव किलो चिंच

"माझे डोळे बांधा! वाटलं तर वरून उशी दाबा! तांब्याचं नाणं नुसतं अंगठ्याखाली येऊ दे, त्याची प्रकृती कशी आहे ते मी सांगतो!"

प्रफुल्ल घाडी हे वाक्य दादरच्या नाणेप्रेमी मंडळात भर सभेत बोलला, आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण हे मनात नाही, मोठ्याने बोललोय!

झालं! सगळ्या माना मागे वळल्या. मागे म्हणजे अगदी मागे, कारण प्रफुल्लची जागा शेवटच्या बाकावर, दाराजवळ. विमा कंपनीत कारकुनी करून तो रिटायर झाला, पण मंडळात त्याला बढती काही मिळाली नाही. पुढच्या खुर्च्यांवरचे मोठे संग्राहक नाण्यांवर बोलायचे आणि मध्येच कुणीतरी म्हणायचं, "प्रफुल्लभाऊ, जरा चहाचं बघा हो." प्रफुल्लभाऊ बघायचे. इतकी वर्षं चहाचं बघून बघून त्याला नाण्यांमधलं किती कळतं, हे कुणी बघायचं राहूनच गेलं होतं.

आणि कळत होतं हो माणसाला! खोटं कशाला बोला? राणीछाप पैसा हातात घेतला, की तो आधी राणीच्या मुकुटातले मणी बघायचा. नाणं बाजारात फिरलं की उंच भाग पहिले झिजतात. आधी मणी जातात, मग केसांची वळणं, मग अंगावरच्या कपड्याची नक्षी, आणि शेवटी राणीबाईंची नुसती सावली उरते. ह्याच्या त्याने पायऱ्या पाडल्या होत्या: कोरं, जवळजवळ कोरं, बरं, झिजकं आणि गुळगुळीत. शिवाय तांब्यावर वर्षानुवर्षं जी तपकिरी साय धरते ना, ती म्हणजे नाण्याची अब्रू. घासलं की गेली! घासलेलं नाणं आरशासारखं चकाकलं तरी जाणकार त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

तर त्या सभेत मंडळाचे परीक्षक हितेंद्रभाई खुर्चीवरून हळूच उठले. हितेंद्रभाई ठाकूरद्वारचे. चार पिढ्या तिथेच, त्यामुळे मराठी आपल्यापेक्षा शुद्ध, फक्त प्रत्येकाला भाई म्हणायची खोड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. आता त्यांना हे काम सोडायचं होतं आणि वार्षिक प्रदर्शनासाठी नवा परीक्षक शोधायचा होता.

"प्रफुल्लभाई, परीक्षक व्हायचंय?"

प्रफुल्लने हातातला चहाचा ट्रे बाकावर ठेवला. "झालो तर... म्हणजे... हो!"

"मग मी येतो तुमच्याकडे, लालबागला. तुमच्या चाळीत घरोघरी जुने पैसे असतील ना? देव्हाऱ्यात, डब्यात, ट्रंकेत? दुकानातून न गेलेली, न हाताळलेली नाणी. त्यांचं ग्रेडिंग करून दाखवा. आणि शेवटी ते डोळे बांधून म्हणालात ते, तुमच्या स्वतःच्या नाण्यावर. एक सांगून ठेवतो. स्वतःच्या नाण्याची ग्रेड प्रत्येक जण एक पायरी वरचीच सांगतो. चाळीस वर्षांत मला ह्याला अपवाद भेटला नाही."

"भेटेल!" प्रफुल्ल म्हणाला. तोंड एकदा सुटलं की त्याचं त्यालाच आवरत नसे.

स्वतःचं नाणं म्हणजे कुठलं, हे सांगायला नकोच. त्याच्याकडे कंपनी सरकारचा अठराशे पस्तीस सालचा पाव आणा होता. दोन बाजूंना दोन सिंह, आणि सिंहांच्या आयाळीचा एकेक केस शाबूत! वर गडद चॉकलेटी साय. जवळजवळ कोरं! कापसात गुंडाळून, डबीत घालून, ती डबी कपाटात साड्यांच्या मागे. अंबिकाने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वतःचं मंगळसूत्र इतकं जपलं नव्हतं.

*

घरी येऊन त्याने पहिलं काम केलं ते जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लिहिण्याचं. सुवाच्य अक्षर, विमा कंपनीचं वळण!

"रविवारी दुपारी चार वाजता ठाकूरद्वारचे मोठे तज्ज्ञ आपल्या चाळीत येत आहेत. घरातील जुनी तांब्याची नाणी पटांगणात आणावीत. नाणी आहेत तशीच आणावीत. कृपया काहीही करू नये."

काहीही करू नये, ह्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

आता मंडळी, तुम्ही जर लालबाग-परळच्या चाळीत वाढला असाल, तर एव्हाना कपाळावर हात मारून घेतला असेल. बिचाऱ्या प्रफुल्लचा साठ वर्षांचा जन्म त्याच चाळीतला, पण आपण काय लिहितोय हे त्याला कळलं नाही! अहो, आपल्यात "काही करू नका हं, आहे तसं चालेल" ह्याचा अर्थ काय होतो? तसं म्हणून आलेल्या पाहुण्याला कोण आहे तसं वाढतं? "काही नको" म्हटलं की पोहे होतात. "खरंच काही नको" म्हटलं की शिरा होतो. आणि ह्याने तर लिहून, वर रेघा मारून सांगितलं होतं!

चाळीने सूचना वाचली आणि चाळ मनापासून हलली. कारण आणखी एक होतं. दिवाळीनंतर चाळ पाडणार होते. कुणी विरारला भाड्याने जाणार, कुणी कल्याणला. टॉवर उभा राहील तेव्हा कोण परत येईल, कोण नाही, देव जाणे. त्यामुळे बाहेरचा मोठा माणूस आपल्या चाळीत पाहुणा म्हणून येण्याची ही बहुतेक शेवटचीच वेळ. पहिल्या मजल्यावरच्या रखमाने तर नळावर जाहीरच केलं, "आपल्या प्रफुल्लच्या इज्जतीचा सवाल आहे! कुणी कमी पडायचं नाही!"

रविवारी सकाळी प्रफुल्ल हार आणि पेढे आणायला नाक्यावर गेला. मसाल्याच्या दुकानदाराने त्याला हाक मारली.

"काय हो घाडी, आज काय आहे तुमच्या चाळीत? काल संध्याकाळीच माझ्याकडची चिंच संपली. एकट्या रखमाबाईंनी पाव किलो नेली!"

प्रफुल्ल क्षणभर थांबला. चिंच? श्रावणात? मासे तर बंद. आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अळूवड्या! पाहुण्यासाठी चाळ अळूवड्या करतेय! त्याचे डोळे भरून आले. लहानपणी श्रावणात एका घरात अळूवड्या झाल्या की सगळ्या चाळीत ताटल्या फिरायच्या. तिकडे मिलचा भोंगा वाजायचा, बाबा पाळी संपवून यायचे, केसांत कापसाचे तंतू, आणि हातपाय धुवायच्या आधीच तोंडात अळूवडी.

"चांगली माणसं आहेत हो आमची," तो दुकानदाराला म्हणाला आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळत घरी आला.

*

चारला पाच कमी असताना तो नवा झब्बा घालून, भिंग घेऊन पटांगणात उतरला. टेबलं मांडली होती, त्यावर पांढऱ्या चादरी. चादरींवर ताटल्या. ताटल्यांत नाणी.

प्रफुल्लला आधी वाटलं, दिवे लावलेत!

नाणी लखलखत होती. गुलाबी, केशरी, पिवळसर! नव्या नवरीचे दागिने फिके पडतील अशी! एकाही पैशावर साय म्हणून शिल्लक नव्हती. राण्याच्या राण्या न्हाणीघरातून आत्ताच बाहेर पडल्यासारख्या कोऱ्या करकरीत. आणि हवेत हा चिंचेचा आंबट वास!

"रखमावैनी..." त्याने एक पैसा उचलला. "हे काय केलंत?"

"घासली!" रखमा पदर खोचून उभी होती. हात अजून सुरकुतलेले. "चिंच, राख आणि विटेचा चुरा. काल संध्याकाळी तुम्ही बाहेर गेला होतात, तेव्हा अख्खी गॅलरी बसली होती. गौरीगणपतीच्या आदल्या दिवशी बसतो ना आपण भांडी घेऊन, तसं. गाणीसुद्धा म्हटली! कशी झालीत?"

"पण मी लिहिलं होतं! काही करू नका! आहे तशी आणा!"

"हो, वाचलं की."

"मग?"

"मग काय? तुम्ही लिहिणारच तसं. ती तुमची रीत झाली. आम्हाला काय रीत नाही? पाहुण्यासमोर काळं तांबं ठेवू?"

"अहो, आहे तशी म्हणजे आहे तशी!"

"असं?" रखमाने कमरेवर हात ठेवले. "मागच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे आलात, म्हणालात, वैनी काही करू नका, नुसतं पाणी चालेल. मी खरंच नुसतं पाणी दिलं. तर अंबिकाला वर जाऊन सांगितलंत, रखमाने साधा चहा विचारला नाही! सांगितलंत की नाही?"

प्रफुल्ल भिंग पुसायला लागला. सांगितलं होतं.

इतक्यात दुसऱ्या टोकाला गलका झाला. तिथे आनंदा उभा होता. आनंदा म्हणजे प्रफुल्लचा बालमित्र, म्युनिसिपालिटीतून रिटायर झालेला. तो भोईवाड्याला मुलीकडे गेला होता, आत्ताच परत आला आणि येऊन त्याने ट्रंकेतला एक पैसा ताटलीत ठेवला होता. काळाभोर! सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या होत्या.

"काय आनंदाभाऊ, लाज नाही वाटत?"

"सगळ्यांचे बघा, नि ह्यांचा बघा!"

"असा काळा पैसा पाहुण्याला दाखवणार? माणसाला काही वाटलं पाहिजे!"

हे सगळं इतक्या मोठ्याने चाललं होतं, की तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला टेकून बसलेल्या प्रफुल्लच्या आईलाही, कमळाबाईलाही, नीट ऐकू गेलं. म्हातारीला जिना उतरवत नव्हता, पण कान अजून तरण्या मुलीचे. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग ती उठून आत गेली. ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा.

प्रफुल्लने आनंदाच्या ताटलीत नजर टाकली आणि त्याचं काळीज उडालं. राणीछाप, मुकुटातले मणी जागच्या जागी, वर तपकिरी साय!

"आनंदा! हा कुठे मिळाला तुला?"

"बाबांच्या शिलाई मशीनचा एक पाय डुगडुगायचा रे. त्याच्याखाली लावलेला. मशीन विकली तेव्हा काढून ठेवला." आनंदा शरमेने लाल झाला होता. "सॉरी यार, मला माहीत नव्हतं घासायचा असतो. टेन्शन नको घेऊ, दोन मिनिटांत चमकावून आणतो!"

"नको! आनंदा, नको!"

पण आनंदा पैसा उचलून नळाकडे निघालासुद्धा! आयुष्यात कधी बसमागे धावला नाही तो माणूस आज धावत होता, आणि मागे प्रफुल्ल. "थांब! हात लावू नकोस! आनंदा, तुला तुझ्या आईची शपथ!" आणि बायका पाठीमागून ओरडतायत, "घासू दे हो त्याला! एवढी काय घाई! पाहुणे अजून आले नाहीत!"

नळाशी कालच्या चिंचेचा चोथा पडला होता. प्रफुल्लचा पाय त्यावर पडला. पुढचं सांगायला नको. नव्या झब्ब्यासकट माणूस खाली बसला तो थेट चोथ्यावर! बसल्या बसल्या त्याने आनंदाचा हात धरला, पण व्हायचं ते झालं होतं. राणीचं अर्धं तोंड गुलाबी झालं होतं आणि अर्धं अजून तपकिरी.

"अर्धंच झालं रे," आनंदा हळहळला. "पुरं करू दे की."

"प्रफुल्लभाई," वरून आवाज आला, "काही हरवलंय का?"

काळा चष्मा लावून हितेंद्रभाई समोर उभे होते.

*

हितेंद्रभाईंनी एकेक ताटली बघितली. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"डॉक्टरांनी काळा चष्मा लावायला सांगितला, ते किती बरं झालं," ते एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ही घासली कुणी?"

"आम्ही!" चाळ एका सुरात, अभिमानाने म्हणाली.

प्रफुल्ल मान खाली घालून उभा. झब्ब्याच्या मागे चिंच. परीक्षकपद गेलं, हे त्याला कळून चुकलं होतं. पुन्हा शेवटचा बाक, पुन्हा चहाचं बघा हो.

"बोला प्रफुल्लभाई. ग्रेड सांगा."

समोर चाळ उभी होती, मुलांचा निकाल ऐकायला आईबाप उभे राहतात तशी. प्रफुल्लने रखमाचा पैसा उचलला. "हे... हे बाजारात झिजलेलं नाही. बाजारात झिजलं असतं तर मणी जाऊन कपड्याची नक्षी उरली असती. इथे उंच-सखल सगळं सारखंच गेलंय. हे एका रात्रीचं काम नव्हे. हे पिढ्यान्‌पिढ्या घासलंय."

"सासूबाईंच्या सासूपासून," रखमा म्हणाली. "दर सणाला कलशात घालायच्या आधी. सासूबाई गेल्या त्या वर्षी मी पहिल्यांदा घासला. हातात धरला नि रडायलाच आलं. अंगठा बरोबर त्यांच्या जागेवर बसत होता हो."

मग काय, प्रत्येकाला बोलायचं होतं. कुणाचा पैसा तांदळाच्या डब्यातला, कुणाचा वास्तुशांतीचा, कुणाच्या आजोबांनी गावाहून येताना कनवटीला लावून आणलेला. प्रफुल्ल एकेक हातात घेत होता, अंगठा फिरवत होता, आणि कुणाच्या कुठल्या म्हातारीचा हात किती जड होता, ते सांगत होता. दोन बायका डोळे पुसायला लागल्या. ग्रेड मात्र त्याने एकाचीही सांगितली नाही. घासलेलं म्हणजे सगळ्यात खालची ग्रेड, हे त्या माणसांच्या तोंडावर कोण सांगणार?

"आता तुमचं," हितेंद्रभाई घड्याळाकडे बघत म्हणाले. "डोळे बांधून."

प्रफुल्लच्या जिवात जीव आला. अजून सगळं संपलं नव्हतं! वर, कपाटात, साड्यांच्या मागे, कापसात त्याचे सिंह सुखरूप झोपले होते. ह्या एका नाण्यावर सगळं भरून काढता येणार होतं!

"चला वर!" तो म्हणाला.

सगळी चाळ मागोमाग वर. खोलीत हितेंद्रभाई, दारात रखमा आणि आनंदा, गॅलरीत बाकीचे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. अंबिका आत चहाला गेली. कमळाबाई खाटेवर बसली होती, पदराखाली हात घेऊन, गालातल्या गालात हसत. हितेंद्रभाईंनी आपल्या रुमालाने प्रफुल्लचे डोळे घट्ट बांधले.

"आई, कपाटातली ती डबी देतेस?"

"डबी कित्याक? ह्यो घे पैसो." म्हातारीने नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

खोली एकदम शांत झाली. इतकी शांत, की रखमासुद्धा बोलली नाही! प्रफुल्लला वाटलं, सगळे आपल्या विद्येला दबकलेत.

त्याने अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. कपाळाला आठी पडली. मग नाणं नाकाशी नेलं. आणि मग ती आठी गेली, आणि तो हसायला लागला.

"आई, चुकून भलताच दिलास गं! हा तुझा कलशातला. बेंबीचा पैसा!"

गॅलरीतल्या माना आणखी पुढे आल्या.

"हितेंद्रभाई, तुम्हाला सांगतो," प्रफुल्ल रंगात आला, "आमच्या चाळीत बाळ जन्मलं आणि त्याची बेंबी वर आली, की हा पैसा कापडात गुंडाळून बेंबीवर बांधायचे. माझ्या बेंबीवर होता, आनंदाच्या होता. रखमावैनींच्या दोन्ही पोरांच्या होता. बाळ आलं की तिसऱ्या मजल्यावरून पैसा खाली जायचा, परत आला की आई चिंचेने घासून देव्हाऱ्यात ठेवायची. अर्धी चाळ ह्या पैशाखालून गेलीय! आता ती पोरं कुणी विरारला, कुणी कॅनडात, पण बेंब्या बघा, सगळ्यांच्या आत!"

दारातून आनंदाने नाक ओढल्याचा आवाज आला.

"लहानपणी ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची ना, त्या हाताला हाच वास यायचा. चिंच, राख आणि तांबं." प्रफुल्लने नाणं पुन्हा नाकाशी नेलं. "दिवाळीनंतर चाळ जाईल, पण हा वास मी नाही जाऊ देणार, सांगून ठेवतो. आता ग्रेड विचाराल तर स्पष्ट सांगतो. गुळगुळीत. सगळ्यात खालची. वर काही म्हणून शिल्लक नाही. घासून घासून वाट लावलीय. नाणं म्हणून ह्याच्यात राम नाही. पण..."

"मेल्या!" कमळाबाई कडाडली. "वाट लावलंय काय? ह्यो तुझोच पैसो! सिंहाचो!"

प्रफुल्लने रुमाल ओढून काढला.

तळहातावर नाणं गुलाबी चमकत होतं. दोन बाजूंना दोन सिंह होते, म्हणजे सिंह असावेत असे दोन उंचवटे. आयाळ गेली होती. तोंडं गेली होती. एका सिंहाची शेपटी तेवढी अजून तग धरून होती.

"खाली आनंदाक सगळी बोलत होती, काळो पैसो, काळो पैसो," म्हातारी सांगत होती. "माका आठवला, माझ्या झिलाचो, ह्या प्रफुल्लाचो, पण काळोच आसा. म्हटलंय, पावण्यासमोर माझ्या झिलाचीच मान खाली जातली? म्हणान पाट्यार चिंच नि विटेचो चुरो घेतलंय नि घासूक बसलंय. हात भरान इले माझे! पण गेलो की नाय काळपटपणा?"

"गेला," प्रफुल्ल म्हणाला. 

अंबिका चहा घेऊन बाहेर आली, तिने तळहातावरचं नाणं बघितलं आणि ट्रे घेऊन तशीच आत गेली. दारातल्या माणसांना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी मोठं झालं हे कळलं होतं. आनंदाने तर टोपीच काढली!

हितेंद्रभाईंनी नाणं उचललं. काळा चष्मा कपाळावर चढवला. दुखऱ्या डोळ्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"गुळगुळीत म्हणालात ना?"

"हो."

"सगळ्यात खालची?"

"हो."

"बरोबर आहे. कालपर्यंत नव्हती, आज आहे." त्यांनी नाणं परत प्रफुल्लच्या हातात ठेवलं. "प्रफुल्लभाई, स्वतःच्या नाण्याला सगळ्यात खालची ग्रेड देणारा माणूस मला चाळीस वर्षांत भेटला नव्हता. आज भेटला. पुढच्या रविवारी या. शेवटच्या बाकावर बसू नका. चहाचं दुसरं कुणीतरी बघेल."

चाळीने टाळ्यांचा असा कडकडाट केला, की खालच्या मजल्यावरचा गिलावा पडला. रखमा सगळ्यांना सांगत सुटली, "बघितलं? मी म्हणाले नव्हते? घासल्याने फरक पडतो!" प्रफुल्ल मात्र खाटेवर आईच्या शेजारी बसला. त्याला हसावं की रडावं, कळत नव्हतं. बावीस वर्षं जपलेले सिंह गेले होते. आईच्या अंगठ्याला अजून चिंच होती, आणि नखात विटेचा लाल चुरा. त्याने तो अंगठा हातात धरला. त्यावरच्या रेषा कधीच्या झिजून गेल्या होत्या. त्याची ग्रेड काढायचा त्याला धीर झाला नाही.

"पयलो नंबर इलो मां रे?" म्हातारीने हळूच विचारलं.

"आला गं आई. पहिला."

"मगे!" कमळाबाईच्या तोंडावर हसू मावेना. तिने हितेंद्रभाईंकडे कौतुकाने बघितलं, आणि मग मुलाच्या कानाशी लागली, पण तिची कुजबुज म्हणजे चाळीच्या दोन्ही जिन्यांना ऐकू जाणारी.

"ह्या पावण्यांची पण नाणी काळीच असतली मां रे? लाजू नको म्हणान सांग तेंका. सगळी घेवन ये, दादरच्या मंडळाची पण घेवन ये. चिंच उरली हा, घासून दितंय!"